राखीव भाषण

८ जानेवारी, बुधवार

"वेळेआधी संपलं तर कोणी रागावत नाही. वेळ झाल्यावरही चालू राहिलं की लोक बटण फिरवतात." बापूसाहेब म्हणाले होते, तेव्हा ते रेडिओ केंद्रावर संगीताचं काम बघत. मी तेव्हा बावीस-तेवीसची. रेडिओवरचं पहिलंच भाषण, हातात गच्च लिहिलेला कागद. त्यांनी तो काढून घेतला, शेवटच्या दोन परिच्छेदांवर काट मारली आणि परत दिला. भाषण बरं झालं. खोडलेल्या भागात काय होतं, ते आज आठवतही नाही.

दिवसभर हेच वाक्य डोक्यात आहे. कारण आमचा रेडिओ सांभाळणाऱ्या खुशालरावांचा फोन.

"ताई, बापूसाहेबांवर एक भाषण पाहिजे होतं. राखीव."

राखीव! किती साळसूद शब्द. माणूस जिवंत असतानाच त्याच्यावरचं श्रद्धांजलीचं भाषण ध्वनिमुद्रित करून ठेवायचं. बातमी आली की लावायचं. मोठ्या केंद्रांवर करत असतीलच. आमचा रेडिओ म्हणजे अमरावतीतल्या संगीत सभेनं चालवलेल्या दोन खोल्या. शास्त्रीय गाणं, संगीतिका, भाषणं, आणि ऐकणारे सगळे एकमेकांना ओळखणारे. तरी आमच्याकडेही कपाटात एक राखीव कप्पा आहे.

मी आजवर तिघांवर अशी भाषणं केली. एक तबलजी, एक कीर्तनकार, एक इतिहासाचे प्राध्यापक. तिघेही वर्षाच्या आत गेले. वयं झाली होती, दुखणी होती, मला कळतं. पण मागे केंद्रावर चहा पिताना कोणीतरी म्हणालंच— देवश्रीताईंनी कागद घेतला की माणसानं आवराआवर करावी. सगळे हसले. मीही हसले.

खुशालरावांना नाही म्हटलं. बापूसाहेब अकोल्यात आहेत, ब्याऐंशी वर्षांचे आहेत, आणि आहेत. त्यांनी मला बोलायला शिकवलं. त्यांच्यावर नाही.

११ जानेवारी

परत फोन. खुशालराव तेल्हाऱ्याचे. माणूस गोड, पण चिवट.

"ताई, तुमी नाही म्हणसान तं मले आपल्या केंद्रावरच्या पोऱ्याले, पियुषले सांगा लागीन. तो मोबाइलवरून काढीन. जन्म, शिक्षण, पुरस्कार, झालं. चालते का तुमाले?"

नाही चालत. त्यांना माहीत होतं.

"एवढी घाई काहून पण?"

"घाई नाही ताई. वरून आलं हाये."

वरून म्हणजे सभेच्या कार्यकारिणीकडून असणार. मी हो म्हणाले.

ह्यांना सांगितलं. हे पक्षकाराचे कागद चाळत होते. म्हणाले, "छान. मी मृत्युपत्रं करतो, तू श्रद्धांजल्या. बाहेर पाटी लावू, दोन्ही कामं एकाच छताखाली." मी उठून आत गेले. मागून आवाज आला, "अगं, गंमत केली." माहीत आहे.

१५ जानेवारी

लिहायला बसले. काल संक्रांत झाली. घरभर तिळाचा वास आहे आणि मी इथे लिहितेय की बापूसाहेब शिष्यांना ओरडत नसत, फक्त तंबोरा खाली ठेवत. तंबोरा खाली ठेवला की पोरं घाबरायची. वाक्य चांगलं झालं. चांगलं झालं याचाच राग आला. इतकं सहज कसं येतंय?

आमच्या संगीतिकेचा परिच्छेद मात्र येईना. शब्द माझे, चाली त्यांच्या. कौंडण्यपूरची रुक्मिणी माहेर सोडण्याआधी देवीला जाते, तेवढ्या एका वाटेवरची संगीतिका. 'वाटेवरची अंबा'. ती करताना वर्षभर दर रविवारी अकोल्याला जात होते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष. ते पंधरा मिनिटांत कुठे बसवायचं?

दिवाळीनंतर भेट नाही. जाऊन यायला हवं. लेख लिहितेय म्हणून सांगेन.

१९ जानेवारी, रविवार

बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीनं गेले, आत्ता परत आले. हातपाय धुतले आणि इथे बसले, नाहीतर विसरेन. विसरणार नाही खरं तर.

दार मैनाबाईंनी उघडलं. त्या स्वयंपाकाला येतात, बापूसाहेबांच्या पत्नी सुभद्राबाई गेल्या तेव्हापासून. बापूसाहेब खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. पाय सुजलेले. चेहरा मात्र उतरलेला, लहान झालेला. मी पायांकडे पाहतेय हे पाहून त्यांनी त्यावर पंचा टाकला.

"लेख लिहितेस म्हणे माझ्यावर."

"हो. जरा सविस्तर."

"सविस्तर." शब्द चाखून पाहिल्यासारखा केला. "खुशालनं किती वेळ दिलाय?"

"पंधरा मिनिटं."

"पंधरा मिनिटं मेल्यावरच मिळतात. जिवंत माणसाला सात."

मी मांडीवरची पर्स घट्ट धरली. ते हसायला लागले. "तोंड कशाला पाडतेस? केंद्रावर होतो तेव्हा मीच कितीतरी जणांची करून घेतली. एका बुवांचं केलं, तर बुवा पुढं अकरा वर्षं जगले. टेपला बुरशी आली, बुवा ठणठणीत. वाच."

"काय वाचू?"

"आणलंयस ना पर्समध्ये? वाच."

वाचलं. समोर बसलेल्या माणसाला तो कसा होता हे सांगायचं. ते डोळे मिटून, मांडीवर बोटानं मात्रा मोजत ऐकत होते. एका जागी बोट थांबलं.

"'पुण्या-मुंबईची बोलावणी नाकारून ते वऱ्हाडातच राहिले.' हे कोणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"कोणी बोलावलंच नव्हतं. नाकारायला आधी बोलावणं यावं लागतं, बाई. ते काढ. वाट पाहिली, आलं नाही, मग इथलंच काम चोख केलं— असं घाल."

मग ते बोलत राहिले. वर्षानुवर्षं मुलाखत न देणारा माणूस! वृत्तपत्रवाल्यांना दारातून परत पाठवणारा. आज मी काही विचारायच्या आत सांगत होते. रुक्मिणीच्या पहिल्या पदाची चाल त्यांची नाही, सुभद्राबाईंची. त्या वाटाणे सोलता सोलता गुणगुणल्या होत्या, बापूसाहेबांनी ती स्वतःच्या नावावर लावली. "ती माझ्यापेक्षा सुरात होती. कधी कोणाला बोललो नाही. घाल." कोणत्या शिष्यावर अन्याय केला, तेही सांगितलं. नाव घाल म्हणाले. मी लिहीत होते. एखाद्या घरातलं सामान एकेक करून अंगणात काढून ठेवावं, तसं चाललं होतं.

"आणखी काही राहिलं का?" त्यांनीच मला विचारलं.

"नाही वाटत."

"बघ नीट. राहायला नको काही. आणि एक. हे कपाटात नको ठेवू. वसंतपंचमीच्या सभेत बोल, ती थेट रेडिओवर जातेच. मला ऐकायचंय."

"जिवंतपणी?"

"मेल्यावर ऐकायची सोय अजून झालेली नाही."

जेवताना त्यांची मुलगी चारुशीला आली. बार्शीटाकळीला कॉलेजात शिकवते, त्यांच्यापाशीच राहते. मला स्वयंपाकघरात ओढलं. मूत्रपिंडं गेली आहेत. डॉक्टर म्हणतात, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिस सुरू करायचं. केलं तर बरीच वर्षं निघतील, इतर काही वाईट नाही. नाही केलं तर— तिनं ओट्यावरचं भांडं उगाच सरकवलं.

"मग करायचं की. अडलंय कुठं?"

"बापू विचार करतो म्हणतात. वसंतपंचमी होऊ दे, मग सांगतो म्हणतात."

मैनाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बाई, तुमचं आयकतेत ते. सांगजा बरं. आमी सांगू सांगू थकलो. म्या म्हटलं, सायेब, मशीनवर बसाले काय होते? तं म्हनतेत, मैनाबाई, तू बस, मी पाहातो."

हसू आलं तिघींनाही. बाहेरून त्यांचा आवाज आला, "माझ्याबद्दल चाललंय वाटतं. अजून पंधरा मिनिटं झाली नाहीत का?"

निघताना बोलले मी. सरळ विचारलं. ते म्हणाले, "सभा होऊ दे. तुझं भाषण ऐकतो, मग ठरवतो."

गाडीत बसल्यावर रडू यायला हवं होतं. उलट हलकं वाटलं. काहीतरी माझ्या हातात दिलंय त्यांनी. असं लिहायचं, असं बोलायचं की त्यांना राहावंसं वाटलं पाहिजे.

२० जानेवारी

भाषण पहिल्यापासून लिहितेय. जुनं फाडलं.

२५ जानेवारी

खुशालरावांना सांगितलं, भाषण राखीव नाही, सभेतच. वाटलं होतं कुरकुर करतील— जित्या माणसावर असं कोणी बोलते का ताई, वगैरे. फक्त "बरं" म्हणाले. आणि काचेपलीकडे जाऊन वायर गुंडाळत बसले. हा माणूस वाद न घालता गप्प बसला की मला बरं वाटत नाही.

आज सभेतल्या ऑपेराचं निवेदन ध्वनिमुद्रित केलं. खुशालरावांची हौस. आपली संगीतिका लावायची, तर तिकडची कशी असते तेही ऐकवू म्हणाले. शेवटचा प्रवेश आहे. बाई बिछान्याला खिळलेली, वैद्यानं मान हलवली आहे, आणि ती गातेय. गातच राहते. गोष्ट सोप्या शब्दांत सांगायची, मग गाणं.

संध्याकाळी बापूसाहेबांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "मरणाऱ्या बाईला एवढा दम कुठून येतो गं?"

"तिकडची पद्धत असेल."

"आपल्या संगीतिकेत बघ कोणी मरत नाही. रुक्मिणी जाते, बस." मग म्हणाले, "श्रावणीला सांग, शेवटचा कोरस नको. तिचं पद झालं की नुसता तंबोरा चालू ठेवा. आणि मग बंद करा."

"लोकांना कळणार नाही संपलं म्हणून."

"कळतं."

रुक्मिणीचं काम श्रावणी करतेय, त्यांची शेवटची शिष्या. तिला निरोप दिला. ती म्हणाली, "ताई, मला भीती वाटते तसं संपवायची." का, ते तिला सांगता येईना. मलाही येईना, म्हणून म्हटलं, सरांनी सांगितलंय तसं कर.

१ फेब्रुवारी

भाषण पूर्ण झालं. मोठ्यानं वाचून पाहिलं. हे दारात उभे राहून ऐकत होते. नेहमीची गंमत केली नाही. म्हणाले, "यात काहीच कमी नाही गं." आणि चष्मा पुसत गेले.

माझ्या हातून इतकं चांगलं कधी झालं नव्हतं. हे लिहायला काय हरकत आहे, इथे कोण वाचतंय.

२ फेब्रुवारी, वसंतपंचमी

सभा झाली.

सभागृह भरलेलं होतं, पिवळ्या साड्या, झेंडूच्या माळा. सगळं थेट रेडिओवर जात होतं. श्रावणीनं आधी बहार राग गायला— स्वच्छ, कोवळा. मग ऑपेरा. लोकांनी नवलानं ऐकला, पुढच्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "बाई मेली का नाही अजून?" हशा झाला. मीही हसले.

मग संगीतिका. शेवटचं पद संपलं, तंबोरा चालू राहिला. कोणी हललं नाही. तंबोरा थांबला. टाळ्या नाहीत. देवळाचं दार लावून घेतल्यावर बाहेर उभं राहावं, तसे लोक बसून होते.

माइकजवळचा लाल दिवा लागला. मी बोलायला लागले. डोळ्यांपुढे फक्त अकोल्याची ती खोली होती. पलंगावर मोबाइल, त्याला जोडलेला छोटा स्पीकर, पाय स्टुलावर, मांडीवर बोट. त्या बोटाला सांगत होते मी सगळं. न आलेली बोलावणी सांगितली. सुभद्राबाईंचे वाटाणे सांगितले. ज्या शिष्यावर अन्याय झाला त्याचं नाव घेतलं. काही शिल्लक ठेवलं नाही. मध्येच सभागृहामागच्या ध्वनिकक्षाच्या काचेपलीकडे नजर गेली. खुशालराव उभे होते. मान खाली, हात पुढे बांधलेले. शोकसभेत दोन मिनिटं उभे राहतात, तसे.

शेवटचं वाक्य संपलं तेव्हा सभागृहात एक बाई उभी राहिली. मग दुसरी. मग सगळेच.

त्यांना कोणी उभं राहायला सांगितलं? मला ओरडून सांगावंसं वाटलं— बसा, ते आहेत, ऐकताहेत.

३ फेब्रुवारी

काय सांगावं! निम्म्या गावाचा समज झाला की बापूसाहेब गेले. सकाळपासून केंद्रावर फोन. मोबाइलवर तर हात जोडलेल्या चित्रांसकट श्रद्धांजल्या फिरताहेत. दुपारी त्यांचाच फोन आला. आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता असा मोकळा.

"अगं, एक जण हार घेऊन आला दारात. मीच दार उघडलं. त्याच्या हातातला हार काही खाली जाईना, वर जाईना. म्हटलं, घाल बाबा, आणलायस तर. मैनाबाईनं चहा दिला त्याला."

"बापूसाहेब, असं नका ना बोलू."

"तो शिष्य आला होता सकाळी. ज्याचं नाव घेतलंस तो. मूर्तिजापूरहून, मोटारसायकलवर. काही बोलला नाही. गायला थोडं, आणि गेला." मग म्हणाले, "छान बोललीस. एक अक्षर इकडचं तिकडं करावंसं वाटलं नाही. आता काय राहिलं, देवश्री? सगळं सांगून झालं."

मी किती खूश झाले! हे वाक्य ह्यांनाही ऐकवलं, दोनदा.

८ फेब्रुवारी

चारुशीलाचा फोन. बापूंनी डॉक्टरांना नाही म्हणून कळवलं. भांडून नाही, हसत. डॉक्टरांना आपल्या पदांची ध्वनिफीत भेट दिली म्हणे. मोठा तंबोरा श्रावणीला देऊन टाकला. ती घेईना, तर म्हणाले, मग खाली ठेवू का?

"तू काय बोललीस गं त्या दिवशी?" चारुशीलानं विचारलं. ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. "मी पण ऐकत होते त्यांच्या शेजारी बसून. मलाही बरं वाटत होतं. पण ऐकता ऐकता ते असे मागे टेकले. काम संपवून माणूस टेकतो ना, तसे. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली."

मैनाबाईंनी फोन घेतला. "बाई, जेवन अर्ध्यावर आलं. काहून म्हून इचारलं तं नुस्ते हासतेत. आजारी मानूस कुरकुर करते, चिडते, तं बरं वाटते. हे कुरकुर नाही करून राहिले."

११ फेब्रुवारी

धीर करून फोन केला. त्यांनी हरभऱ्याच्या कोवळ्या पानांच्या घोळाण्याबद्दल विचारलं. यंदा केलंस का, कांदा किती घालतेस. मी उत्तरं दिली.

"तुम्ही म्हणाला होतात, भाषण ऐकून ठरवतो."

"ठरवलं की."

मग म्हणाले, "थंडी कमी झाली नाही तिकडं? शाल घेत जा."

त्या भाषणातलं काय काढलं असतं, म्हणजे हे झालं नसतं? सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसलेय. बोलावणी आली नाहीत, ते काढलं असतं तर चिडून राहिले असते का? सुभद्राबाईंची चाल न सांगता ठेवली असती तर ती अडून बसली असती का मध्ये? मी त्यांना जगायचं कारण द्यायला निघाले होते. जी काही कारणं उरली होती, ती एकेक करून उचलून दिली आणि वर टाळ्या घेतल्या. टाळ्याही नाहीत. लोक उभे राहिले.

१३ फेब्रुवारी

केंद्रावर गेले होते. खुशालरावांना म्हटलं, कार्यकारिणीला सांगा, यापुढे मी राखीव करणार नाही, तुमच्या वरच्यांनी दुसरं कोणी पाहावं. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "ताई, सभेनं नव्हतं सांगतलं. बापूसाहेबांचा सोताचा फोन आला होता मले, नव्या वर्षाच्या सुरुवातीले. डॉक्टरकडून आल्या आल्या. देवश्रीकडूनच करून घे म्हणे, ती काही सोडत नाही. आन् तिले सांगू नको."

म्हणजे माझ्या पहिल्या ओळीच्या आधीच ठरलं होतं त्यांचं. मी त्यांना फक्त वेळेत पोचवलं.

उद्या सकाळच्या गाडीनं जातेय. समजवायला नाही. ते नाहीच म्हणतील, आणि इतक्या मायेनं म्हणतील की मला वाईटही वाटून घेता येणार नाही. तरी मागणार आहे. बापूसाहेब, एक मंगळवार द्या. एकच. दवाखान्यात चला, त्या मशीनवर बसा, मी शेजारी खुर्ची घेऊन बसते. काही बोलणार नाही.